लॉलिपॉपवाली

सकाळी आठ वीस ते नऊ पाच,
दुपारी तीन ते पावणेचार,
एवढा वेळ ब्रॅम्बलफर्डचा मोठा रस्ता माझ्या नावावर असतो.

पिवळा कोट, टोपी, आणि माझ्याहून उंच काठी,
तिच्या टोकाला वाटोळी थाळी : थांबा, मुलं.
इथे त्या काठीला लॉलिपॉप म्हणतात,
म्हणून मी लॉलिपॉपवाली.
बार्शीहून नलूवन्सं फोनवर विचारतात,
नक्की करतेस काय गं?
गाड्या अडवते.
म्हणजे पोलीस झालीस?
नाही हो. पोलिसांना गाड्या भितात.
मला नुसत्या थांबतात.

अकरा वर्षांपूर्वी तेवीस मुलं होती.
कुणाचा दात हलतोय,
कुणाकडे मांजर व्यायलंय,
कुणाचे बाबा सध्या आजीकडे झोपतात,
सगळं मला रस्त्याच्या मधोमध कळायचं.

मग चर्चमागच्या वाटाण्याच्या शेतात झेंडे लागले.
एक नमुना-घर उभं राहिलं,
त्यात नमुना-टेबलावर प्लॅस्टिकची सफरचंदं.
माणसं ती बघून गेली
आणि वर्षभरात खरी भांडीकुंडी घेऊन आली.
आता एकशे एक्केचाळीस मुलं.
मोजते अजून. सवय.

नव्या गल्ल्यांना पाखरांची नावं दिलीत.
टिटवी गल्लीतल्या क्वाबेनाने विचारलं,
टिटवी म्हणजे काय?
पाखरू, म्हटलं.
पुढचं नाही सांगितलं, की आमच्याकडे ती रात्री ओरडली
तर आई चुलीपुढची राख अंगणात फेकायची.
इथे तिच्या नावावर तीन बेडरूमना पावणेचार लाख पौंड पडतात.

दाताचा डॉक्टर मात्र अजून एकच.
त्याच्याकडे नंबर लागेस्तोवर
दुधाचे दात आपसूक पडून जातात.

आणि हातमोजे.
हरवलेला हातमोजा सापडला की कुणीतरी
तो शाळेच्या कुंपणाच्या सळईवर खोचून ठेवतं.
जानेवारीत बघावं :
अख्खं कुंपण हात वर करून उभं,
जणू आज सगळ्यांनाच उत्तर येतंय.

आठ चाळीसला मिस्टर पेटिफर, वय अठ्ठ्याऐंशी,
पेपर आणायला.
सोबत मूल नाही, तरी मी काठी उभी करते.
नियमात बसत नाही ते.
नव्या घरांना त्यांनी भर सभेत विरोध केला होता,
एकट्यांनी.
आता नव्या घरातला ओसियान त्यांना रोज वेळ विचारतो,
आणि ते साखळी ओढून खिशातून घड्याळ काढतात,
एकशे चाळीस मुलं खोळंबली तरी.

इमोजेन, माझ्या पहिल्या तेविसांतली,
परवा लाल गाडी घेऊन आली. थाळी बघून थांबली.
काच खाली केली, काही बोलली नाही,
नुसते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून दाखवले,
नखं कापलीत का बघतात, तेव्हा ठेवतात तसे.

मग पत्र आलं.
गाव वाढलं, रहदारी वाढली, सबब दिवे बसतील.
लिहिलं असं होतं, की क्षणभर वाटलं अभिनंदनच आहे.
मुलांना सांगितलं : बटण दाबायचं, हिरवा माणूस येईल.
ओसियान विचारात पडला.
तो जेवायला कुठे जातो?

राग नाही. बाळ अंगाने भरलं
की झबल्यालाच कळतं आधी.

सोमवारी कोटाशिवाय गेले, उगाच, बघायला.
आठ चाळीस.
पेटिफर खांबापाशी उभे.
बटण दाबेनात.
माझ्याकडे बघत राहिले,
मीही माझ्या रिकाम्या हातांकडे.
मग मीच दाबलं.
आणि या रस्त्यावर पहिल्यांदाच
मी थांबले.