दोन मीटर चोवीस

विट्याच्या कॉलेजात नेट एकच होतं
आणि ते पोरांचं.
संध्याकाळी ती खेळून जायची
तेव्हा उंची दोन मीटर त्रेचाळीस.
सकाळी पावणेसहाला हणबर बाई यायच्या,
लूनाला फक्कीची पिशवी टांगलेली,
आडवी बांधलेली कळकाची काठी,
काठीला ब्लेडनं पाडलेली एक खाच.
मधले एकोणीस सेंटिमीटर
रोज खाली घ्यायचे, गाठ मारायची,
मगच शिट्टी.

बाई स्वतः पाच फूट एक इंच.
गाठ मारायला दोन विटांवर चढायच्या.
विटाही त्यांच्याच,
स्टोअरच्या कोपऱ्यात ठेवलेल्या,
वर ऑइलपेंटनं लिहिलेलं : व्हॉलीबॉल (मुली).
पहिली अकरा वर्षं तासिका तत्त्वावर.
तासाला किती, ते आम्हाला कळलं नाही,
पण फाटक्या बॉलचं ब्लॅडर
त्या सायकलच्या दुकानात बसून
स्वतः चिकटवून आणायच्या.

आमचे बाप सेलमला, वारंगळला,
कुणाचा पार सिलिगुडीला,
सोन्याच्या गलाईवर.
दिवाळीला यायचे,
लेकीचे सोललेले गुडघे बघायचे
आणि आईला विचारायचे, ही कुठं पडली?

माहुलीच्या शमीमचा बाप आला
तेव्हा झोनल चार दिवसांवर.
पोरगी घरात बसली.
बाई गेल्या, चहा प्यायल्या,
खेळाचं अवाक्षर नाही.
विचारलं, गलाईत घट किती धरता?
तो तासभर सांगत बसला
मुशीचं, भट्टीचं, ॲसिडच्या वासाचं.
म्हणाला, दुकान झाडल्याली मातीसुदिक
आमी टाकत न्हाई मॅडम,
त्यातनं बी निघतंय.
बाई उठल्या. चप्पल घालता घालता म्हणाल्या,
मी पण टाकत नाही.
दुसऱ्या दिवशी पहाटे शमीम नेटपाशी,
गळ्यात बापाचा मफलर.

टाइम-आउट तीस सेकंदांचा.
समोरचे कोच हातवारे करायचे, ओरडायचे.
बाई म्हणायच्या, पाणी प्या.
आणि आमच्या बुटांच्या नाड्या बघायच्या.
कराडच्या फायनलला, पाचव्या सेटला,
तेरा-चौदा.
मी लिफ्टर. हात थरथरत होते.
म्हटलं, मॅडम, काहीतरी सांगा ना.
त्या म्हणाल्या,
सगळं सकाळीच सांगून झालंय.

हरलो.
पुढच्या वर्षीही.
एसटीत भेळ खाल्ली, वनिता रडली,
बाई खिडकीला डोकं टेकून झोपल्या
की झोपल्याचं दाखवलं, माहीत नाही.
जिंकलो ते तिसऱ्या वर्षी,
तेव्हा मी नव्हते, माझं लग्न झालं होतं.

निवृत्तीच्या आधी प्राचार्यांनी यादी मागितली :
पदकं, वर्ष, स्पर्धेचा स्तर.
एकतीस वर्षांची यादी पाऊण पानात संपली.
खाली बाईंनी पेन्सिलीनं लिहिलं,
नेट खाली घेतलं, अंदाजे सात हजार वेळा.
क्लार्कनं ते खोडलं,
असा रकाना नव्हता.

त्यांच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या रात्री
आम्ही तिघी शमीमकडं मुक्कामाला.
साडेचारला उठलो.
मैदानावर मिट्ट काळोख,
मोबाईलची बॅटरी वनिताच्या दातांत,
मी गाठ सोडली, खाली घेतली,
नव्यानं बांधली, बोटं सोलली.
मग बाभळीआड थांबलो, चाळिशीतल्या बायका,
हसू दाबत.

पावणेसहाला लूना. नाही, आता स्कूटी.
बाईंनी नेटकडं बघितलं.
इकडंतिकडं नाही बघितलं.
काठी सोडली, खांबाला लावली,
वाकून खाच बघितली.

अर्ध्या बोटानं खाली होतं.

बाई स्टोअरमधनं विटा घेऊन आल्या,
वर चढल्या
आणि दोरी ओढली.