शेवटचं दारं

तिग्रायमध्ये पाण्याला माय म्हणतात.
पहिल्याच दिवशी मी ते वहीत टिपलं
आणि खाली रेघ मारली, उगाच.
पाटकऱ्याला म्हणतात पाण्याचा बाप.
माझ्या कानाला तो मायचा बाप ऐकू येई,
म्हणजे आजोबा;
आणि हा हागोस तर सव्वीस वर्षांचा,
मिसरूडसुद्धा नीट न फुटलेला.

बांधाऱ्यापाशी मोजलं: सेकंदाला अडतीस लिटर.
आधी दगडी पाट, पुढे मातीचा,
पुढे निवडुंगाच्या कुंपणामागे नुसती ओल.
शेवटच्या शेताशी पोचेतो अकरा.
बाकीचे सत्तावीस कुठे गेले
ते अबरेहेतला विचारा, हागोस म्हणाला
आणि भलतीकडेच बघू लागला.

अबरेहेतची पाळी रात्री दोनची.
डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन ती दारं धरते,
एक वाफा फोडते, एक बुजवते,
कुठला सारा भिजला ते तळपायांना कळतं.
घड्याळ नाही.
वरचा तेक्ले मध्येच पाणी वळवतो
तेव्हा पाटाचा आवाज बदलतो, म्हणाली,
तोंडात घास असताना कुणी बोलावं, तसा.

कागदावर प्रश्न होता, म्हणून मी विचारला:
पाटामुळे कुटुंबाला काय लाभ झाला?
तिनं कांद्याची रोपं दाखवली नाहीत.
पत्र्याचं छप्परही नाही, समोरच चमकत होतं तरी.
म्हणाली, गेल्या पावसाळ्यात
जुनं धान्य सरलेलं, नवं अजून हिरवं,
तेव्हा आमच्याकडे कुणीतरी
उसनं मागायला आलं.
आमच्याकडे!
सासूनं दोनदा विचारलं,
घर चुकलीस का गं?

कोण आलं होतं?
तेक्लेची बायको.
मग, दिलंस?
दिलं. दोन मापं टेफ.
राजगिऱ्याएवढा दाणा, बोटांतून गळतो,
म्हणून वरून हात फिरवून
सपाट.
शीग नाही लावली.

एवढं बोलून ती उठली.
चिखलाचा एक गोळा घेतला
आणि पाटाच्या फटीत थापला.
ती फट तिच्या हद्दीत नव्हती,
तेक्लेच्याही नव्हती.
कुणाचीच नसलेली फट
सगळ्यात जास्त पिते.

मी पुन्हा मोजलं. अकराच.
जरा थांबून आणखी एकदा.
साडेअकरा म्हणायला
हरकत नव्हती.