दात नसलेल्या चाव्या

चारशे बारा चाव्या मी टांगल्या
नायलॉनच्या दोऱ्याने, एकेक,
चार दिवस शिडीवर.
फोर्टातली गॅलरी. एसी इतका की बोटं बधिर.
भिंतीवर मजकूर चिकटवला, तोही मीच:
पाडलेल्या चाळी, हरवलेली घरं, स्मृतीचा अवकाश.
अवकाश मला नीट कळत नाही.
चावी कळते.

उद्घाटनाला माणसं
चाव्यांखालून मान वाकवून गेली.
अप्रतिम म्हणाली.
फार स्ट्राँग म्हणाली.
मग मुलांच्या ॲडमिशनवर बोलली.
एकाने किंमत विचारली, खालच्या आवाजात,
हॉस्पिटलात रिपोर्टचं विचारतात तशी.
पेपरवाल्याने फोटो काढले, पाहुण्यांचे.

पूर्वी रविवारी दोन कॉलम यायचे चित्रांवर.
बाबा साइनबोर्ड रंगवायचे, तरी वाचायचे,
चिडायचे, कात्रण खिशात घालून
भांडायला ठाकुरद्वारपर्यंत चालत जायचे.
त्या जागी आता राशिभविष्य ऐसपैस बसलंय.

साडेनऊला शटर अर्धं खाली.
फुटपाथवर सायकलवाल्याचा चहा.
शर्वाणी टिपणीस, जिचं हे काम,
टॅक्सीची वाट बघत एकटीच.
मी म्हणून गेलो,
मॅडम, चाव्यांना दात नाहीत.

काय?

तीनशेच्या वर कोऱ्या आहेत. किलोवर घेतलेल्या.
त्यांनी कुलूप पाहिलेलं नाही.
आणि भिंतीवर आपण लिहिलंय, हरवलेली घरं.

ती लाल झाली.
मग? चित्रातला आंबा कापून बघतोस का?
टॅक्सी आली. तिने ती जाऊ दिली.

दामू पांचाळ माझ्यासोबत सुतारकाम करतो.
तो तिच्या बाजूने उतरला:
तीस वर्षं नाटकांची दारं केली मी.
एकाच्याही मागे घर नव्हतं.
तरी नटीने दार आपटलं
की शेवटच्या रांगेतला दचकायचा.

दचकायचा, मी म्हटलं, कारण तू बिजागरी खरी लावायचास.

वॉचमन मोरजकर तोवर गप्प होता.
आमची चाळ पाडली त्याला नऊ वर्षं झाली, म्हणाला.
चावी बायकोच्या हळदीच्या डब्यात आहे. पिवळी पडलीय.
शर्वाणी वळली. ती टांगू द्याल?
नाही.
का?
ती बघायची नाही, ठेवायची आहे.

तिथून जे सुरू झालं!
दुसऱ्याचं हरवलेलं आपण टांगावं का,
सुंदर दिसलं की दुखणं कमी होतं का,
चहावाल्याने स्टोव्ह विझवला आणि मधे पडला,
दामू ओरडला, मी ओरडलो,
ती फुटपाथच्या कडेला मांडी घालून बसली
सिल्कच्या साडीत
आणि म्हणाली, थांब, हे परत सांग.
अकरा वाजले असतील.

पोलिसांची गाडी थांबली.
काय जमाव आहे?
चित्रावर बोलतोय साहेब. म्हणजे, चाव्यांवर.
कुणाच्या भावना दुखावल्या?
नाही.
फाडलं कुणी? चोरी?
नाही साहेब.
मग बोलताय कशाला?

उर्मट नव्हता तो. खरंच विचारत होता.
आम्हाला कुणालाच पटकन उत्तर सुचेना.
या शहरात चित्राबद्दल मोठ्याने बोलायचं
तर आधी तक्रार लागते,
नाहीतर लिलाव.
मधल्या जागेत बाकडं नाही.
फुटपाथ आहे, आणि तोही
अकरापर्यंत.

चला, चला, म्हणाला. पांगलो.

सकाळी बल्ब बदलायला गेलो.
टेबलावर अभिप्रायांची वही.
पहिल्या पानावर सतरा वेळा अप्रतिम,
एकदा इंग्रजीत काहीतरी, खाली हृदय.
मी नवीन पान उलटलं. अक्षर माझं बरं आहे,
बाबांनी गिरवून घेतलेलं.
लिहिलं:
चाव्यांना दात नाहीत.
दामू म्हणतो, नसले तरी चालतात.
मोरजकर त्याची देत नाही.
यावर बोलायचं राहिलंय.
कुठे बसू या?

पेन जागेवर ठेवलं.
ते दोऱ्याने टेबलाला बांधलेलं असतं,
नायलॉनच्याच.