उद्याचे रकाने

शहाण्णव कुळं नव्हेत, शहाण्णव पाव तास.
सकाळी दहाच्या आत भरून द्यायचे:
उद्याच्या मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत
बेळगावला किती वीज लागेल.
पडद्यावर मथळे कानडीत, सूचना इंग्रजीत,
हातचा एक तेवढा माझ्या मराठीत.

सतराव्या रकान्यात उद्यमबागेतली भट्टी पेटते.
पंचविसाव्यात गिझर.
एकोणतिसाव्यात वडगावचे माग, आधी एक,
मग शेजारचा चालला म्हणून दुसरा,
मग अख्खी गल्ली खडखडत.
पन्नाशीच्या आसपास अथणीकडचं ऊन इतकं
की घ्यायला गिऱ्हाईक नाही.
आणि सत्तराव्यात नेमकं
सगळ्यांना दिवा हवा असतो तेव्हा
ऊन घरी गेलेलं.

सौंदत्तीच्या डोंगरावरचा वारा
श्रावणात एवढा की पाती थांबवून ठेवली.
आता मार्गशीर्षात
हवामानवाले म्हणतात येईल,
पाती म्हणतात बघू.
चिकोडीकडचे कारखाने चिपाड जाळून
थोडी भर घालतात, तेवढ्यावर
संध्याकाळ काढायची.

नोकरीतल्या पहिल्या हिवाळ्यात
मी तीन वर्षांची रजिस्टरं समोर ठेवून
रात्री दोनला पंपांची पंगत मांडली.
जेवायला कोणी आलं नाही.
पंप आता दिवसा चालतात, उन्हावर,
आणि ज्यांनी वीस वर्षं
बॅटरी घेऊन बांधावर रात्री काढल्या
ते झोपले होते.
साहेब माझ्यावर ओरडले.
मला मात्र, खरं सांगते, बरं वाटलं.

ओमाण्णा सांबरेकर मच्छेच्या सबस्टेशनात एकतीस वर्षं.
ट्रान्सफॉर्मरच्या घुमण्यावरून सांगायचे
आज कुठे लग्न आहे, कुठे मोटर जळणार.
त्यांना विचारलं, उद्याचं कसं लिहायचं?
म्हणाले, "लिव्ह की.
खरं पेन्सिलीनं लिव्ह."

मागच्या मंगळवारी
बेचाळीस ते बावन्न, अकरा रकाने
वडगावचा फीडर खाली बसला.
ढग नव्हते. तार तुटली नव्हती.
लाईनमन दस्तगीरला फोन केला.
"मॅडम, निंगव्वा गेली की.
तिरडी उठेपर्यंत गल्लीत
एक माग चालला नाही."

चुकीचं कारण निवडायला यादी असते:
ढग, वारा, बिघाड, सण, इतर.
मी इतर निवडलं.
साहेब म्हणाले, एवढ्याशा खळग्याला कारण कसलं,
ती नुसती खरखर.

पण नवीन प्रोग्राम शिकतो.
जे घडलं ते सगळं गिळतो, विसरत नाही,
आणि समजतही नाही.
पुढच्या वर्षी त्याच मंगळवारी
सव्वादहा वाजता तो आपणहून
वडगावची वीज थोडी कमी मागेल.
कोणासाठी, त्याला ठाऊक नसेल.
माग चालू असतील, सुताच्या धुळीत रेडिओ चालू असेल,
आणि आकडा
डोक्यावरची टोपी काढून उभा.

नियमाने तो दिवस वगळायला हवा.
एक कळ दाबायची, बस.
नऊ वाजून बावन्न झालेत.
उद्याचे शहाण्णव भरून झाले,
सौंदत्तीपुढे मी अंदाजाहून जरा कमीच लिहिलं,
वाऱ्याची सवय माहीत आहे म्हणून.
मंगळवार अजून तसाच आहे.
शेजारच्या वहीत, समासात,
पेन्सिलीनं एक नाव.