आ करा

वालपाराइसोत, टेकडीच्या अर्ध्या चढावर
माझा दवाखाना आहे.
लोक दमून येतात, खुर्चीत टेकतात, "मजेत" म्हणतात,
आणि मग आ करतात.

एलेउतेरिओचे सुळे सपाट झालेत,
जुन्या जिन्याच्या पायऱ्या झिजतात तसे.
बंदरावर क्रेन चालवतो.
बारा तास काचेच्या खोक्यात,
खाली लोंबकळणारा कंटेनर, त्याच्याही खाली माणसं.
"चावता काय एवढं?" मी विचारलं.
"काहीच नाही, डॉक्टर. झोपलेला असतो."

झोपलेला असतो तेव्हाच तर.
दिवसभर मुकाट गिळलेलं
शरीर रात्री रवंथाला घेतं.
गाय निदान निवांत असते.
दात-ओठ खायला समोर कुणीतरी लागतं,
हा एकटाच खातो, अंधारात, उशीवर.
बायको पलीकडच्या खोलीत झोपते आता.
भांडण नाही. आवाजानं.

इनॅमलला नस नसते, त्यामुळे बातमी उशिरा येते.
त्याआधी कानशिलं ठणकतात, मान धरते,
पोट बिघडतं आणि माणूस कालच्या मासळीला दोष देतो.
हृदय बूट चढवून बसलेलं,
कुठेच जायचं नसताना.

आमच्याकडे जमीन हलते, ते वेगळं.
दिव्याची साखळी झुलली की अख्खं गाव
एकदम जबडा आवळतं,
थांबली की कुणीतरी हसतं, कॉफी पुन्हा गरम होते.
तो ताण येतो, काम करतो, जातो.
पण मुलीच्या फीचे धक्के,
पाळ्या कमी होणार म्हणे, त्या 'म्हणे'चे धक्के,
आईनं आज नाव विसरल्याचे,
ते कुठल्या यंत्रावर उमटत नाहीत
आणि थांबले असं कुणी येऊन सांगत नाही.

रात्री घालायचा साचा मी देते. तो दात वाचवतो,
माणसाचं माणसानं बघायचं.
म्हणून हेही सांगते:
ओठ मिटलेले, दात सुटे,
जीभ टाळूला, 'न' म्हणताना टेकते तिथे.
श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा,
जसं जड काही अलगद खाली ठेवताय.
(हे त्याला लगेच कळलं. तेच तर करतो दिवसभर.)
आणि काचेवर एक निळा ठिपका चिकटवा.
दिसला, की जबडा सोडायचा. बस्स.

"डॉक्टर," हिमेना म्हणाली,
साच्यासाठी लगदा कालवता कालवता, वर न बघता,
"तुमचा पण वाजतोय."

वाजत होता.
खुर्चीचं कर्ज, अजून एकोणीस हप्ते.
आंतोफागास्ताहून न येणारा मुलाचा फोन,
जो मीही करत नाही.
माझ्या स्वतःच्या साच्याला चार महिन्यांत भोक पडलंय,
उजवीकडे, दाढेपाशी.
मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.
विचारायला कुणी मला आ करायला लावलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी एलेउतेरिओ आला.
पहिल्या दिवशी एक्केचाळीस वेळा सापडला म्हणे, आवळलेला.
आता वीस-बावीस.
खिशातून त्यानं उरलेल्या ठिपक्यांची पट्टी काढली,
माझ्या दिव्याच्या दांडीला एक लावला, न विचारता,
तेलकट अंगठ्यानं दाबून.

"आणि डबल पाळी? नाही म्हणालात?"
"अजून नाही," तो म्हणाला.
"पण जीभ टाळूला लागलीय, डॉक्टर.
'न'पर्यंत पोचलोय."

मी हातमोजे चढवले. ठिपका दिसला.
क्षणभर दोघंही
तोंड उघडायचं विसरून बसलो.