आवाज क्रमांक तीन

वाशीच्या स्टुडिओत, काचेच्या अलीकडे,
मी हिरोच्या डोक्यातला आवाज आहे.
एकूण चार आहोत. मी क्रमांक तीन.
माझं वाक्य एकच: मारून टाक तिला.
पलीकडून दिग्दर्शक म्हणतो, ताई, जरा फूत्कारून,
आणि शेवटी एक हसू. खालच्या पट्टीतलं.

हसते.
पाण्याचा घोट घेते. पुन्हा हसते.
यावर आता एको चढेल, मग आरसा फुटेल,
कॅमेरा तिरका होईल,
मध्यंतराला हिरोची दोन माणसं होतील.
तो आजार वेगळा, मी बोलून बघितलं.
असू दे हो, म्हणाले,
पोस्टरवर दोन चेहरे छापून झालेत.

आमचा आरसा शाबूत आहे.
कळव्याला, बेसिनवर,
कडेला आईच्या टिकल्या चिकटलेल्या.
हेमूदादा त्यात बघून दाढी करतो.
गोळ्यांनी हात कापतो,
म्हणून हनुवटीवर रोज कापसाचा एक बोळा.
एकोणीस वर्षं.
एवढ्या काळात त्याच्या हातून झुरळसुद्धा मेलेलं नाही,
सुपलीत घेतो आणि जिन्यात सोडून येतो.
शेजारचे त्यावरून भांडतात.

एका रविवारी मटार सोलताना विचारलं,
कसा असतो रे, आवाज?
चार शेंगा होईपर्यंत बोलला नाही.
मग म्हणाला, सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा.
म्हणजे?
म्हणजे मेंटेनन्स मागायला आल्यासारखा.
बेल तेवढी वाजवत नाही.
म्हणतो, गॅस बघ. परत बघ. नीट बघितला नाहीस.
म्हणतो, खालचा इस्त्रीवाला तुझ्याबद्दलच बोलतोय.
एको असतो?
एको कशाला असेल, जवळच तर असतो.

आणि मारून टाक, असं म्हणतो?
कधीकधी, म्हणाला. पण मलाच.
मग?
मग आईला उठवतो. आम्ही चहा करतो.
तिने आलं किसेपर्यंत
तो बराच लांब गेलेला असतो.

मी सोललेले दाणे सालींत टाकत होते.
त्याने ते एकेक वेचून परत वाटीत घातले.

विनोदी पिक्चरची गोष्टच निराळी.
'ठाण्याला नेऊन टाका याला' म्हटलं
की थिएटर डोक्यावर.
आम्ही तो विनोद ठाण्यातच बसून ऐकला आहे,
मंगळवारची ओपीडी उरकून,
फाईल पिशवीत, पिशवी मांडीवर.
दादाही हसला.
म्हणाला, यांना रिक्षा लगेच मिळते.

काचेपलीकडे अंगठा वर होतो. ओके आहे.
मी म्हणते, एक टेक माझ्या मनासारखा देऊ?
आणि साध्या आवाजात,
घरात कुणी झोपलेलं असताना बोलतात तसं, म्हणते,
गॅस बघ.
परत बघ.
नीट बघितला नाहीस.

हेडफोनमध्ये काही क्षण नुसता एसी.
मग तो म्हणतो, छान आहे, वेगळंय,
पण ताई, यात भीती कुठंय?

फूत्काराचाच टेक राहिला.
त्याच्या पैशांतून दोन महिन्यांच्या गोळ्या आल्या,
आईचा चष्मा आला,
खोटं कशाला बोलू.

पिक्चर लागला तेव्हा नेणार नव्हते मी त्याला.
त्यानेच तिकिटं काढून आणली.
इस्त्रीचा शर्ट, हनुवटीवर बोळा,
घोडबंदर रोडचं मल्टिप्लेक्स, तिसरी रांग,
तिकीट स्वस्त म्हणून.
अंधार. आरसा फुटला. कॅमेरा कलंडला.
चारी भिंतींतून माझं हसू उतरू लागलं,
आणि दादाच्या शेजारच्या बाईंनी
मुलाला पोटाशी ओढून त्याचे कान झाकले.

दादाने पॉपकॉर्नचा डबा त्यांच्यापुढे धरला.
म्हणाला, घाबरू नका हो,
माझी बहीण आहे ती.