टॉर्च नीट धर

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी
नवऱ्यामागे गॅरेज रिकामं केलं,
तेव्हा बाबांनी आधी किंमत विचारली नाही.
उताणे झोपून तिच्या पोटाखाली बघितलं.

अकरा वर्षं एका जागी उभी. लाल, जपानी,
दोनच माणसांची.
गाठी पोचवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकात
आर्वीपर्यंत आली,
तिथून पुढे ट्रॅक्टरमागे, दोराने.
आई दारातूनच म्हणाली,
"हे काय पऱ्हाट्या वाहाले आणली?"

बाबा जिनिंगमध्ये फिटर.
सव्वीस हंगाम रोलरांच्या खडखडाटात गेले,
त्यामुळे बेअरिंग काय म्हणतं ते त्यांना
नुसता हात ठेवून कळतं,
आणि माणसांना जरा मोठ्यानं बोलावं लागतं.

मे महिन्यात दिवसा पान्याला हात लावता येत नाही.
जेवणं झाली की आम्ही गोठ्यात.
एका कडेला म्हैस, दुसऱ्या कडेला ती,
मध्ये मी, टॉर्च घेऊन.
"नीट धर."
मी नीटच धरायचे.
त्यांना जे बघायचं असायचं
ते नेमकं उजेडाच्या शेजारी असायचं.

पुस्तक तिच्यासोबत आलं होतं, तिच्याच भाषेतलं.
बाबा चित्रांवर काळं बोट ठेवून वाचायचे.
पंधरा दिवसांत एक अक्षर लागलं:
डावीकडे तीन थेंब, उजवीकडे बांध घातलेलं शेत.
"जिथं थेंब आन् शेत, तिथं तेल," बाबा म्हणाले.
एवढ्यावर आम्ही अर्धं इंजिन उघडलं.

तिचं रेडिएटर तिच्या देशाच्या उन्हाचं.
आमच्याकडे शेचाळीस.
भंगारातल्या मेटाडोरचं मोठं आणलं,
इस्राईलभाईंनी त्याला कान जोडून दिले,
आणि आतला गंज धुवायला
बाबांनी घरातल्या कुलरचा पंप काढला.
तीन रात्री तिच्या नसांतून पाणी फिरलं,
आम्ही अंगणात ओल्या चादरी पांघरून.
चौथ्या दिवशी आई बोलली नाही.
पाचव्याही.

आत्याचा नयन सुट्टीवर आला, म्हणाला,
मामा, जगात सगळे अशा गाड्या खाली बसवतात,
अगदी जमिनीला टेकवून.
बाबांनी स्प्रिंगा बदलून तिला दोन इंच उचलली.
"जगात काळी माती नसन."

मग तो इंजिनाच्या पाठीमागचा बोल्ट, दहा नंबरचा.
बाबांचा पंजा आत जाईना.
एकदा सुटून पडला तो सापडेचना,
आईला तुरी पाखडताना सुपात मिळाला.
तिने तो पदराला पुसून
काही न बोलता चाकापाशी ठेवला.
"तुहा हात दे," बाबा मला म्हणाले.
टॉर्च त्यांनी घेतली.
मी खांद्यापर्यंत आत, डोळे मिटलेले,
कारण तिथे डोळ्यांचं काही काम नव्हतं.
बोटांच्या टोकांनी भोक शोधलं,
पहिला आटा लागला, सुटला,
परत लागला.
उजेड माझ्या कानावर पडत होता.
"नीट धरा," मी म्हणाले.
बाबा हसले की खोकले, कळलं नाही.

पोळ्यानंतरच्या सोमवारी ती सुरू झाली.
म्हशीने दावं तोडलं.
दोनच जागा. मी मागे सरले.
आई हात धुऊन आली, बसली,
दार तीन वेळा आपटल्यावर लागलं.
"कुलरचा पंप आठवणीनं लावून द्या,"
एवढं तिचं बोलणं मला ऐकू आलं.

पांदणीत दुसऱ्या गिअरपुढे जागाच नाही.
पुढे ठाकऱ्यांची बैलबंडी, तिच्यामागे ते दोघं,
बैलांच्या चालीनं.
मी अंगणात उभी राहून ऐकत होते.

सगळ्या आवाजाच्या आत, खोल,
एक बारीक टिकटिक होती.
बाबांच्या कानांना ती आता येत नाही.
मी टॉर्च हलवून बघितली.
सेल संपत आले होते.